पाटा सगळ्यांचा, टाकी कुणाची?

गेल्या महिन्यात कंपनीत माझ्याकडे एक काम आलं. निरनिराळ्या टीमनी आपापल्या गरजेपुरती लिहून ठेवलेली छोटी फंक्शन्स, ज्यांना आम्ही 'हेल्पर' किंवा 'युटिल्स' म्हणतो, ती एका जागी गोळा करायची आणि सगळ्यांना वापरता येतील अशी मांडायची. तारीख वाचणारं, रकमेत लाख-कोटींचे स्वल्पविराम घालणारं, मोबाइल नंबरमधल्या मोकळ्या जागा काढणारं, नाव शोधण्याजोगं करणारं. एकेक दहा-पंधरा ओळींचं. त्यांचं कौतुक कुणी करत नाही, पण त्यांच्यावाचून कुणाचं पानही हलत नाही.

माझी आत्या तीस वर्षं प्रोग्रामर होती. बँकांच्या मेनफ्रेमवर कोबोल लिहायची. आता निवृत्त आहे. रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा मोठ्या उत्साहाने तिला हे काम सांगितलं. तिचं मत माझ्या अगदी विरुद्ध निघालं. जेवणं आटोपली, चहा झाला, तरी बोलणं संपलं नाही. ते जमेल तसं इथे उतरवतो आहे, कारण त्या दुपारनंतर मी माझ्या कामाची सुरुवातच बदलली.

मी: आत्या, माझं म्हणणं साधं आहे. एकाने सोडवलेली अडचण दुसऱ्याला पुन्हा सोडवावी लागू नये. 'कऱ्हाड' हा शब्द घे. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला 'ऱ' हा वर्ण घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', पाय मोडायची खूण आणि तिच्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. एकाने एका कीबोर्डवरून गावाचं नाव भरलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं, की उत्तर येतं, नोंद सापडली नाही.

आत्या: आणि समोर कागदावर तर नोंद दिसत असते.

मी: हो ना! मला हे कोडं सुटायला चार दिवस लागले. मग मी बारा ओळींचं फंक्शन लिहिलं. दोन वर्षांनी आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली, दुसऱ्या टीमने याच कोड्यावर सहा दिवस घालवले. रोज एकाच कँटीनमध्ये जेवणारी माणसं आम्ही. त्यांना विचारावंसं वाटलं नाही आणि मला सांगावंसं सुचलं नाही.

आत्या: ते सहा दिवस वाया गेले असं तुला वाटतं?

मी: अर्थातच.

आत्या: मला तसं वाटत नाही. त्या सहा दिवसांत त्या पोरांना देवनागरी कॉम्प्युटरच्या पोटात कशी साठते ते समजलं. तुझं फंक्शन आयतं मिळालं असतं, तर एक ओळ लिहून मोकळी झाली असती. पुढे 'क्ष' मोजताना अडली असती, नाव कापताना वेलांटी तुटली असती, तेव्हा पुन्हा कुणाच्या तरी दारात उभी राहिली असती. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला विहीर कुठे आहे ते कधीच कळत नाही.

मी: पण प्रत्येकाने विहीर खणत बसायचं ठरवलं तर शेती कधी करायची? आपल्या क्षेत्राची सुरुवातच वाटून घेण्यातून झाली आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांच्या लवकरच ध्यानात आलं, की वर्गमूळ काढणं, अंक छापणं असल्या गोष्टी प्रत्येक जण नव्याने लिहितो आणि प्रत्येक जण नव्याने चुकतो. म्हणून त्यांनी तपासून घेतलेल्या सबरूटीन छिद्रं पाडलेल्या कागदी फितींवर उतरवून कपाटात लावून ठेवल्या. १९५१ पर्यंत अशा ८७ सबरूटीन जमल्या होत्या. लायब्ररी हा आपला शब्द निदान त्या कपाटाइतका तरी जुना आहे. मी माझ्या कंपनीत तेच कपाट ठेवायला निघालोय.

आत्या: ते कपाट मलाही वंदनीय आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी तू गाळल्यास. पहिली, तिथे फीत कपाटातच राहायची आणि तिची नक्कल आपल्या प्रोग्रामच्या फितीवर उतरवून घ्यायची. उद्या कपाटातल्या फितीला काही झालं, तरी तुझा प्रोग्राम जागच्या जागी शाबूत. दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. १९५२ साली व्हीलरने सबरूटीनवर एक छोटासा निबंध वाचला. त्यात त्याने सांगितलं होतं, की सबरूटीन लिहून झाली, तपासून झाली, तरी तिचं असं वर्णन लिहिणं उरतंच, की आतलं काही ठाऊक नसलेल्या माणसालाही ती सहज वापरता यावी. आणि हेच काम कदाचित सगळ्यात अवघड असेल. सत्तर वर्षं होऊन गेली. तुमच्या कपाटात फिती भरपूर आहेत. वर्णनं किती आहेत?

मी: प्रत्येक फंक्शनवर एक ओळ आहे.

आत्या: एक ओळ म्हणजे डब्यावरची चिठ्ठी. 'मसाला' एवढंच लिहिलेली. गोडा की काळा, किती तिखट, तेलात परतायचा की वरून घालायचा, हे ज्याने कुटला त्यालाच ठाऊक.

मी: वर्णन कमी आहे, मान्य. पण म्हणून तू म्हणतेस तसं सगळ्यांनी आपापलं लिहायचं?

आत्या: लहानसहान असेल तर हो. ते अकरा ओळींचं प्रकरण तुलाच जास्त माहीत असेल.

मी: लेफ्ट-पॅड. मार्च २०१६. शब्दाच्या डाव्या बाजूला हवी तेवढी शून्यं किंवा मोकळ्या जागा भरणारं पॅकेज. त्याच्या लेखकाचा एका वेगळ्याच पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि त्याने आपली सगळी पॅकेजेस एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सामायिक कोठारातून काढून घेतली. बॅबल आणि रिअ‍ॅक्टसारखे मोठे प्रकल्प त्या अकरा ओळींवर आडमार्गाने टेकलेले होते. जगभर बिल्ड कोसळले. काही तासांत ते पॅकेज परत ठेवावं लागलं.

आत्या: मग सांग, डावीकडे शून्य भरायला परक्या माणसाच्या दारात का जावं? ते मी पहिल्या महिन्यात लिहायला शिकले होते.

मी: पण पुढचं ऐक ना. एनपीएमने नियम बदलला, इतरांचं काम ज्यावर अवलंबून आहे ते पॅकेज वाटेल तेव्हा काढून घेता येणार नाही असा. आणि २०१७ च्या आवृत्तीत डावीकडून भरण्याची सोय जावास्क्रिप्ट भाषेतच आली. हजारो लोकांना एकच गोष्ट लागते हे वाटून घेतल्यामुळे उघड झालं. प्रत्येकाने आपल्यापुरती लिहिली असती, तर ती गरज कधी नजरेला पडली नसती.

आत्या: हे पटण्याजोगं आहे. तरीही मला भीती आहे ती वेगळी. आमच्या वाड्यात मागच्या पडवीत एक मोठा पाटा होता. पाच बिऱ्हाडं त्यावर वाटायची. वाटून वाटून पाटा गुळगुळीत होतो, मग त्याला टाकी लावावी लागते. टाकी लावणारी बाई दारावर यायची, तेव्हा बाकीच्या घरांतून कुणी बाहेर येत नसे. माझी आई बरेचदा तिला हाक मारायची आणि पैसेही द्यायची. आई माहेरी गेली की तीन-तीन महिने सगळ्यांची चटणी भरड. पाटा सगळ्यांचा होता, टाकी कुणाचीच नव्हती.

मी: ओपनएसएसएल!

आत्या: म्हणजे?

मी: इंटरनेटवरचे बँकेचे, खरेदीचे व्यवहार कुलूपबंद ठेवणारी लायब्ररी. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातली एक चूक उघडकीला आली, हार्टब्लीड. समोरचा म्हणतो, मी एवढी अक्षरं पाठवली, तेवढी परत दे. त्याने खरंच तेवढी पाठवली का, हे मोजायचं राहून गेलं होतं. त्यामुळे सर्व्हरच्या स्मृतीतलं, कुणाचे पासवर्डसुद्धा, बाहेर जाऊ शकत होतं. दोन वर्षं ती चूक तिथे होती. आणि मग जगाला कळलं, की अर्धं इंटरनेट ज्या पाट्यावर वाटतं त्याला टाकी लावणारी माणसं मोजकीच आहेत आणि देणग्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभारला.

आत्या: मग तू माझीच बाजू मांडतोयस.

मी: नाही, थांब. प्रत्येक बँकेने आपापलं कुलूप घडवलं असतं तर? प्रत्येकाची चूक वेगळी, आणि शोधणारं कुणीच नाही. लायब्ररी एक होती म्हणून चूक एका जागी सापडली आणि एका जागी दुरुस्त झाली. तुझ्याच गोष्टीची तुला आठवण करून देऊ? वाय-टू-केच्या वेळची?

आत्या: कुठली?

मी: तू सांगितलं होतंस, एका ग्राहकाच्या प्रोग्राममध्ये तुम्हाला तारखेची निरनिराळी रूटीन सापडली. दोन आकडी सालावरून शतक ओळखणारी. कुणी ५० च्या आतलं साल दोन हजारातलं धरलं होतं, कुणी ३० च्या आतलं. म्हणजे '४०' हे एका प्रोग्राममध्ये २०४० आणि दुसऱ्यात १९४०. एकच खातेदार एका रिपोर्टात जन्मलेला आणि दुसऱ्यात जन्माला यायचाच होता. ते प्रत्येकाने आपापलं लिहिल्यामुळेच झालं ना?

आत्या (थोडं थांबून): खरं आहे. आम्ही रात्र-रात्र बसून ती रूटीन शोधली. नावं वेगळी, जागा वेगळ्या. शोधायला जेवढे दिवस गेले त्याच्या निम्मेही दुरुस्त करायला लागले नाहीत. शेवटी सगळ्यांसाठी एकच कॉपीबुक, म्हणजे प्रत्येक प्रोग्राममध्ये ओढून घेता येणारा सामायिक कोड, केलं. तिथे तू म्हणतोस तेच बरोबर. तारीख, व्याज, कर, कुलूप-किल्ली, जिथे सगळ्यांचं उत्तर एकच यायला हवं आणि चूक निघाली तर सगळीकडे एकदम सुधारायला हवी, तिथे एकच पाटा हवा. पण ते कॉपीबुक करताना आम्ही कशावर भांडलो माहीत आहे? कोड तर अर्ध्या तासात झाला. ५० का, ३० का, यावर दोन दिवस गेले. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता कुठल्या सालापर्यंत जाऊ शकतो, सगळ्यात वयस्क खातेदाराचा जन्म कधीचा, हे शाखेतल्या माणसांना विचारून मग आकडा ठरला. तो आकडा कोडात राहिला, त्याचं कारण मात्र आमच्या डोक्यात. आम्ही सगळे आता निवृत्त आहोत.

मी: म्हणजे तुझा आक्षेप वाटून घेण्यावर नाहीच.

आत्या: अर्धवट वाटून घेण्यावर आहे. तुला एरियान-५ चं ठाऊक आहे ना?

मी: रॉकेट फुटलं होतं, एवढंच.

आत्या: ४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरूहून पहिलंच उड्डाण. दिशा सांगणारं सॉफ्टवेअर एरियान-४ वरून आणलेलं, उत्तम चाललेलं, तपासलेलं. तुझ्या भाषेत रीयूज. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक मोठा आकडा १६ बिटांच्या खणात बसवला जायचा. त्या खणात ३२,७६७ पर्यंतच मावतं. एरियान-४ चा मार्ग असा, की आकडा तिथवर जाणारच नाही, म्हणून त्यावर पहारा ठेवला नव्हता. एरियान-५ सुरुवातीलाच आडवा वेग जास्त घेतं. साधारण ३७ सेकंदांत आकडा खणाबाहेर गेला. मुख्य यंत्रणा बंद पडली, राखीव यंत्रणाही बंद पडली, कारण तिच्यातही तेच सॉफ्टवेअर. आणि ज्या गणितापायी हे झालं, त्याची उड्डाणानंतर गरजही नव्हती.

मी: पहारा का नाही ठेवला?

आत्या: विचार करूनच ठेवला नव्हता. अशा सात आकड्यांपैकी चारांवर पहारा होता, तीन मोकळे सोडले होते, कारण ते मर्यादेत राहतील असा हिशेब केला होता. चौकशी समितीला आढळलं, की त्या निर्णयाचं कारण कोडात कुठेच नोंदलेलं नव्हतं. कोड एका रॉकेटवरून दुसऱ्यावर गेला. 'हे एरियान-४ च्या मार्गापुरतंच खरं आहे' हे वाक्य मागेच राहिलं.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग तिला ते सांगितलं, जे मी ऑफिसातही नीट सांगितलेलं नव्हतं. माझं 'कऱ्हाड'वालं फंक्शन न दिसणारं जोडचिन्ह काढून टाकतं आणि टिंबाचा 'ऱ' साधा करतं. दोन्ही तऱ्हेचे शब्द त्यातून सारखेच निघतात, म्हणून ते एकमेकांशी जुळतात. निघालेला शब्द कुणी वाचायचा नसतो, फक्त ताडून पाहायचा असतो. पण मी त्याला नाव दिलं होतं 'क्लीननेम'. गेल्या वर्षी एका टीमने नाव वाचलं, नावं स्वच्छ करून मिळतील असं समजून घेतलं, आणि प्रमाणपत्रं छापण्याआधी सगळी नावं त्यातून काढली. 'गोऱ्हे' आडनावाच्या मुलीच्या प्रमाणपत्रावर 'गोर्हे' आलं. 'ह'च्या डोक्यावर रफार. छपाईच्या टीममधल्या एका मुलीच्या नजरेला ते पडलं, म्हणून वाटप थांबलं.

आत्या: रफार आणि तो अर्धा 'ऱ' यांत शब्दच बदलतो रे. 'आचार्यांना दक्षिणा' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा', दर्या आणि दऱ्या. शोधताना दोन जास्त नावं आली तर माणूस डोळ्याने निवडेल. छापताना निवडायला कोण बसलंय?

मी: कोडात चूक नव्हती.

आत्या: नव्हतीच. एरियान-४ मध्येही नव्हती. तू फंक्शन दिलंस, त्याची अट दिली नाहीस. आता कोड न दाखवता मला ते फंक्शन सांग. फोनवर सांगतोयस असं समज.

मी सांगायला लागलो. काय घेतं, काय देतं, इथवर ठीक गेलं. मग तिने विचारलं, हे कशासाठी वापरायचं नाही? तेही सांगितलं. रिकामं नाव आलं तर? रिकामंच परत. मग तिने विचारलं, 'ऱ' लिहायच्या दोनच तऱ्हा आहेत याची खात्री केलीस? मी लॅपटॉप उघडला. तिसरीही होती. साधा 'र' आणि त्यापुढे सुटा नुक्ता, म्हणजे टिंब वेगळं साठवलेलं. युनिकोड ते आणि जोडलेला 'ऱ' एकच मानतं, पण त्यासाठी आधी मजकूर प्रमाण रूपात आणून घ्यावा लागतो. माझ्या बारा ओळींत ते नव्हतं. इतकी वर्षं ते फंक्शन चालू होतं, आणि कुणाला तरी शब्दांत सांगायला बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भोक सापडलं.

मी: आत्या, एक कबूल करायला हवं. वर्णन लिहिणं हे मी कोडानंतरचं काम समजत होतो. घर बांधून झाल्यावर पाटी लावावी तसं.

आत्या: आणि मीही एक कबूल करते. आपापलं लिहावं असं मी म्हणते त्यात माझी सवय बोलते. आम्हाला कुणी सांगणारं नव्हतं, म्हणून आम्ही खणलं. तुझ्या खालच्या मजल्यावरची पोरं सहा दिवस घालवून जे शिकली, ते तू अर्ध्या तासात त्यांना समजावू शकला असतास, नीट मांडलं असतंस तर. शिकायला ठेच लागलीच पाहिजे असं नाही. पण आयतं फंक्शन हातात ठेवून 'घे, वापर' म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे.

मी: मग नक्कल उतरवून घ्यायची की एकाच जागेवरून वापरायचं?

आत्या: त्यावर आपलं जमणार नाही. माझा हात अजून नक्कल करण्याकडेच जाईल.

मी: आणि माझा एका जागेकडे. पण नक्कल घेणाऱ्यालाही अट सोबत मिळाली पाहिजे, हे तरी दोघांचं एक.

आत्या: ते एक. आणि टाकी कोण लावणार ते लिहून ठेव. तुझं नाव लिहिशीलच. तू उद्या नोकरी बदललीस तर दुसरं नाव कुणाचं?

सोमवारी मी ऑफिसला गेलो आणि गोळा केलेली चाळीसेक फंक्शन्स बाजूला ठेवून त्या एकावरच बसलो. 'क्लीननेम' हे नाव काढून टाकलं. नवं नाव लांबलचक आहे, पण ते वाचून कुणालाही कळतं, की यातून निघतं ते शोधण्यासाठी, छापण्यासाठी नाही. वरती चार ओळी लिहिल्या. हे काय करतं. हे कुठे वापरू नये. असं का केलं. दर्या आणि दऱ्या यातून सारखेच निघतील, ते चालेल असं कुणी आणि कोणत्या कामापुरतं ठरवलं. सुट्या नुक्त्याची दुरुस्ती केली. टेस्टमध्ये 'कऱ्हाड' तिन्ही तऱ्हांनी घातलं, 'आचाऱ्यांना' घातलं, आणि 'गोऱ्हे' घातलं, ते चुकून छापलेल्या प्रमाणपत्राच्या आठवणीसह, म्हणजे पुढे कुणी विचारलं की ही टेस्ट कशाला, तर उत्तर तिथेच असेल.

मग दोन मजले खाली गेलो. त्या टीमसमोर अर्धा तास बोललो, फळ्यावर 'ऱ' काढून. शेवटी एकाने विचारलं, 'क्ष'चंही असंच काही असतं का? आम्ही आणखी वीस मिनिटं बसलो.

देखभालीच्या रकान्यात पहिलं नाव माझं आहे. दुसरं छपाईच्या टीममधल्या त्या मुलीचं, जिच्या नजरेला रफार पडला होता. तिला विचारूनच लिहिलं. त्या दोन नावांखाली सहा महिन्यांनंतरची एक तारीख आहे, टाकी लावायची. उरलेली फंक्शन्स अजून कपाटाबाहेर आहेत. ज्याला कोड न दाखवता समजावता येईल, ते आत जाईल.